जादा मजला

ज्या वर्षी थोरलीची सख्खी बहीण तिचीच जाऊ होऊन घरात आली, त्याच वर्षी नगरपालिकेनं जादा मजल्याची योजना काढली. घरात दोन्हींची बोलणी एकदमच चालली होती. त्यामुळं बाहेरून कुणी येऊन "ठरलं का हो?" असं विचारलं, की सासरे, म्हणजे आबा, आधी विचारून घेत, "कुठलं? लग्न की मजला?"

लग्न ठरायला वेळ लागला नाही. धाकटा दीर लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. थोरलीची बहीण, जिला ती लहानपणापासून बारकी म्हणे, एकदा एका इमारतीच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकली. ते दार उघडायला धाकट्यानं गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात आतून-बाहेरून बरंच बोलणं झालं. थोरला म्हणाला, "कालपर्यंत मेव्हणी होती, आता भावजय झाली. म्हणजे माझी थट्टा बंदच."

"तुम्ही बंद करा," बारकी म्हणाली, "मी चालू ठेवते."

मजल्याचं मात्र तसं नव्हतं. घर म्हणजे उभी ठेवलेली काडेपेटी. तळाला स्वयंपाकघर आणि पुढची खोली, मधल्या मजल्यावर थोरला, थोरली आणि त्यांची दोन मुलं, सगळ्यात वर एकच खोली, तिच्यात आबा. नव्या जोडप्याला जागा मिळाली ती पुढच्या खोलीत, पडद्याआड. दारावर कुणी टकटक केली की ती आधी त्यांच्या उशाशी. आल्यागेल्याच्या चपला त्यांच्या पायथ्याशी. थोरल्याकडं सिमेंट मागायला येणारे मजूर पडद्याकडं बघून खोकत, आणि आतून बारकी म्हणे, "खोकू नका, जागीच आहे." ती हसत सांगायची, पण थोरलीला त्या हसण्यातलं कळत होतं. पडद्याआड सण साजरा होतो, संसार होत नाही.

वर आणखी एक मजला चढवला की प्रश्न मिटत होता. पण त्या गल्लीत तीन मजल्यांच्या वर कुणालाच परवानगी नव्हती. आणि नेमकी तिथंच ती योजना आली.

त्या शहरात उन्हाळ्याच्या दुपारी वीज पुरत नसे. पंखे, कूलर, थंड हवेची यंत्रं सगळी एकदम सुरू झाली की गल्लीच्या गल्ली बंद पडायच्या. तेव्हा नगरपालिकेतल्या कुणा शहाण्यानं असं डोकं चालवलं की वीज वाढवत बसण्यापेक्षा घरंच अशी करून घ्यावीत की वीज कमी लागेल. जो आपली इमारत तशी सुधारेल, त्याला एक मजला जादा, वर दरवर्षी घरपट्टीत सूट. अट एकच. सुधारणा झाल्यावर वर्षभर त्या इमारतीचं मीटर ठरवून दिलेल्या आकड्याच्या आत राहिलं पाहिजे. घरपट्टीतल्या सवलतीसाठी पुढंही दरवर्षी तेच. दंडुका दाखवला असता तर लोकांनी पळवाटा शोधल्या असत्या. खाऊ दाखवला, म्हणून लोक आपल्या पायांनी आले. थोरला सगळ्यात आधी.

थोरला गवंडी होता, आणि गवंडी म्हणजे नुसता विटांवर विटा ठेवणारा नव्हे. आजवर दुसऱ्यांच्या घरांत जे करावंसं वाटलं आणि मालकांनी करू दिलं नाही, ते सगळं त्यानं आपल्या घराला केलं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून दुसरी भिंत घातली, दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट ठेवली. ऊन बाहेरच्या भिंतीला तापवून तापवून थकायचं आणि आतली भिंत गारच राहायची. खिडक्यांवर छज्जे बसवले, ते नेमके इतके पुढं की उन्हाळ्याचं वरचं ऊन आत येऊ नये आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन अडू नये. जिन्याच्या टोकाला झरोका पाडला. खालची गरम हवा जिना चढून आपली आपण बाहेर पडायची. धाकट्यानं पाण्याचा जुना पंप काढला, दिवे बदलले. काम संपलं आणि पहिल्याच आठवड्यात शेजारीण दुपारी येऊन बसायला लागली. "जरा मीठ हवं होतं," म्हणायची आणि तासभर बसायची. आबा म्हणाले, "हिच्या घरात मिठाची खाण काढता येईल आता."

एकच गोष्ट थोरल्यानं केली नाही. छपराला हात लावला नाही. वर आबांच्या खोलीचं सपाट छप्पर उघडंच राहिलं, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांतून येणाऱ्या मजल्याच्या खांबांसाठी सळया वर काढून ठेवल्या होत्या. थोरलीनं विचारलंसुद्धा, "अहो, आणि वरचं?"

"वरती मजला येणार ना? आज छपरावर थर घालायचा आणि उद्या मजल्यासाठी तोच फोडायचा? मी गवंडी आहे, खुळा नाही."

बोलणं पटण्यासारखं होतं. ज्या घरात हिशेब नीट असतो तिथंच अशी चूक होते. मजला मिळायच्या आधीच तो डोक्यावर आहे असं धरून सगळे चालले होते.

दर महिन्याला धाकटा मीटर वाचायचा आणि जेवताना आकडा सांगायचा. हिवाळ्यात आकडा खाली होता, सगळे खूश. उन्हाळा लागला तसा आकडा वर सरकायला लागला. "काठावर आहे," धाकटा म्हणाला. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, "अगदी काठावर." मग एकदम सांगायला लागला, "खाली आला. बराच खाली आला." थोरला मिशीत हसला. "भिंतींना मुरायला वेळ लागतो," तो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. आबांनी सगळ्यात जास्त.

एका दुपारी थोरली पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली. दार लोटलं तर तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. आबा पलंगावर नव्हते. खाली फरशीवर पालथे पडले होते, पाठीवर ओला पंचा. पंखा बंद.

"आबा, वीज गेली का?"

"वीज आहे. मीच गेलो होतो जरा, डुलकीला."

"मग पंखा?"

"त्याचा आवाज होतो. झोप येत नाही मला."

ती बटणाकडं वळली तसे आबा उठून बसले. पंचा सरला आणि तिला त्यांची पाठ दिसली. मानेपासून कंबरेपर्यंत घामोळं उठलं होतं, लाल, खाजवून काही जागी सोललेलं. लहान बाळाला उठतं तसं, पण म्हाताऱ्या कातडीवर.

"आबा, हे काय करून घेतलंत?"

"हळू बोल. जिन्याला कान आहेत, तुझ्या नवऱ्यानंच पाडलेत." त्यांनी तिला दार लावायला सांगितलं. "ऐक, सूनबाई. मीटर घराचं एकच. खाली तुम्ही किती कमी करणार? जे करायचं ते केलंत. माझी ही खोली तेवढी वीज पिते. इथला पंखा थांबला की आकडा बसतो. एवढंच आहे ते."

"तुमचा जीव बसेल त्याचं काय?"

"उभी हयात धुलाईच्या कारखान्यात बॉयलरपुढं काढली मी. हे ऊन म्हणजे मला पोरखेळ. आणि एकाच उन्हाळ्याचा प्रश्न आहे. वर मजला आला की तोच माझी छत्री." ते थांबले. "पोरं पडद्याआड राहतायत. मला खाली उतरताना खोकावं लागतं. सासरा झालोय, चोर नाही."

थोरली पाणी ठेवून खाली आली. नवऱ्याला सांगायचं तिच्या ओठांवर होतं. पण त्याच संध्याकाळी बारकी तिच्याजवळ येऊन बसली, भाजी निवडायला घेतली आणि निवडलीच नाही.

"ताई, मला दिवस गेलेत."

थोरलीनं हातातलं टाकून तिला जवळ घेतलं. मग बारकीनं पुढचं सांगितलं. धाकट्याला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं. तिथं उंच इमारती, लिफ्टची कामं भरपूर, राहायला कंपनीची खोली. मजला मिळाला तर तो जाणार नव्हता. नाही मिळाला तर पडद्याआड बाळंतपण कसं करायचं?

"मी तिथं कुणाला ओळखत नाही, ताई. मी या घरात लग्न केलं ते निम्मं तुझ्यासाठी."

"आणि निम्मं?"

"निम्मं त्या लिफ्टमुळं," बारकी म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

आई गेल्यावर थोरलीनंच तिला वाढवलं होतं. पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, एवढीच तिची हौस होती. ती गप्प राहिली. रोज दुपारी थंड पाण्याची बादली वर न्यायची, आबांची पाठ पुसायची, आणि जेवताना धाकट्यानं आकडा सांगितला की ताटाकडं बघायची.

उन्हाळा भरात आला तेव्हा आबा एकदा जिन्यात मटकन बसले आणि तिथंच कलंडले. थोरली मागूनच येत होती, म्हणून डोकं आपटलं नाही. अंग तापलेलं, ओठ कोरडे. तिनं त्यांना मधल्या मजल्यावर आणून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. घरात बाकी कुणी नव्हतं. शुद्धीवर आल्यावर आबा म्हणाले, "पायरी सरकली."

"पायरी तुमच्या मुलानं बांधलीय. ती सरकत नाही."

"मग मी सरकलो असेन. कुणाला सांगू नकोस. थोडेच दिवस राहिलेत."

ते खरंच होतं. वर्ष भरत आलं होतं.

वर्ष भरलं आणि नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या. साऱ्या शहरात त्यांना पाऱ्याची बाई म्हणत, कारण पिशवीत त्या पाऱ्याचं तापमापक बाळगत, नगरपालिकेनं दिलेलं नव्हे, स्वतःचं. त्यांच्याबद्दल गोष्टी पसरलेल्या होत्या. एका बड्या बिल्डरनं इमारतीला बाहेरून हिरवा रंग देऊन अर्ज केला होता म्हणे. बाई म्हणाल्या, "पोपटही हिरवा असतो, त्याला मजला देऊ का?" त्या भर दुपारीच येत. आधी चहा घेत नसत. घर बघायच्या आधी विचारत, "तुमच्या घरातली सगळ्यात वाईट खोली कोणती?" आणि तिथं जाऊन खुर्ची मागत, चपला काढून तळवे फरशीला टेकवून तासभर नुसत्या बसून राहत. योजनेत असं बसायला कुणी सांगितलेलं नव्हतं. लोक हसायचे. पण त्या एका बाईच्या बसण्यामुळं कितीतरी लोकांनी नुसता रंग देण्याऐवजी खरोखरची कामं केली होती.

थोरल्यानं त्यांना खालपासून घर दाखवायला सुरुवात केली. दुहेरी भिंतीच्या फटीत बाईंनी हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. छज्जे बघितले. झरोक्याखाली उभ्या राहून पदरचा रुमाल वर धरला. तो वाऱ्यानं फडफडला, तशा त्या प्रसन्न हसल्या. "हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कुणाच्या नाही. घराकडं बघून."

"मी पुष्कळ घरं बघते. असं हातानं विचार केलेलं कमी बघायला मिळतं." थोरला लाजून भिंतीवरची नसलेली धूळ झटकू लागला. बाईंनी धाकट्याकडून मीटरचे आकडे घेतले, आपल्या आकड्यांशी पडताळले. "कागदावर तुम्ही पास आहात. चांगले पास." बारकीनं थोरलीचा हात घट्ट धरला. "आता सगळ्यात वाईट खोली दाखवा."

आबांच्या खोलीत खुर्ची ठेवली गेली. बाई बसल्या. बाकीचे दाराशी उभे राहिले, आबा पलंगावर. त्यांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती. बाईंच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर, मग पोलक्याची पाठ भिजली. तापमापक भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यातला पारा सावकाश चढत होता.

"इथं कोण राहतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी," आबा म्हणाले.

"पंखा किती वेळ लावता?"

"लावतच नाही. लागत नाही मला. मी बॉयलरवरचा माणूस." त्यांच्या हनुवटीवर घामाचा थेंब लोंबत होता. "मला घाम म्हणून येत नाही." थेंब सदऱ्यावर पडला.

थोरल्यानं बापाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, गिलावा ओला असतानाच घसरावा तसं. आकडा का खाली आला होता, ते त्याला त्या घटकेला कळलं.

बाईंनी पेन काढलं, कागद मांडीवर घेतला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "नियमात फक्त मीटर आहे. माणसाला उकडतं का, हे नियम विचारत नाही. नियमानं मला सही करावी लागेल, आणि मजला तुमचा होईल. एवढंच विचारते. आजोबा म्हणतात, त्यांना पंखा लागत नाही. घरातल्या कुणाचं यावर काही म्हणणं आहे का? नसेल तर मी त्यांचा शब्द धरते. असेल तर हा आकडा मला घराचा म्हणून धरता येणार नाही."

आबा थोरलीकडं बघत होते, आणि त्या बघण्यात विनवणी होती. बारकीचा हात थोरलीच्या हातात होता, गार आणि ओला. थोरलीला वाटलं, गप्प राहावं. सही झाली की वर मजला येईल, आबांना छत्री मिळेल, बारकी इथंच बाळंत होईल. सगळ्यांचंच भलं. मग तिच्या डोळ्यांपुढं तो वरचा मजला आला. त्याच्यावरही असंच उघडं छप्पर. घरपट्टीतल्या सवलतीसाठी दरवर्षी मीटर बघणार. आणि बारकी, जिचा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता, ती तरी पंखा लावेल का? मांडीवर तान्हं मूल घेऊन ती म्हणेल, आम्हाला लागत नाही. घरात एकदा सोसण्याची रीत पडली की ती खालच्या मजल्यावर थांबत नाही.

तिनं बहिणीचा हात सोडला, पुढं गेली आणि पंख्याचं बटण दाबलं.

पंखा आधी नुसताच कण्हला. मग फिरला. पात्यांवर उन्हाळाभर साचलेली धूळ, जाळी, मेलेल्या चिलटांची पखरण, सगळं एकदम सुटलं आणि खोलीभर उडालं. बाईंच्या पांढऱ्या केसांवर, कागदावर, आबांच्या धुतलेल्या सदऱ्यावर. सगळे खोकायला लागले. आबांनी डोळे मिटून घेतले. मग पहिली वाऱ्याची झुळूक त्यांच्या तोंडावर आली आणि त्यांच्या सगळ्या अंगातून एक उसासा निघाला. त्या उसाशानंतर त्यांना लागत नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

बाईंनी कागदावरची धूळ फुंकरीनं उडवली. "आता मला सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

"सूनबाई," आबा डोळे न उघडता म्हणाले, "घात केलास."

बाई उठल्या आणि थोरल्याला घेऊन छपरावर गेल्या. त्याला चपला काढून उभं राहायला सांगितलं. तो दोन उड्या मारून सळयांच्या सावलीत जायला बघू लागला, पण सळईची सावली ती केवढी. "भिंतींना अंगरखा, त्यावर आणखी अंगरखा," बाई म्हणाल्या, "आणि डोक्याला टोपी नाही. का?"

"वर मजला येणार होता, बाई."

"बाजारात तुरी."

थोरल्यानं मान खाली घातली. पण बाईंनी ते टोचून म्हटलं नव्हतं. त्या तिथंच, तापलेल्या छपरावर उभ्या राहून त्याला सांगत राहिल्या. योजनेत दुसरी संधी आहे. छप्पर करा, पुन्हा वर्ष मोजू. मजला नंतर आला तर वरचा थर अलगद काढता येईल असा घाला. एवढं घर ज्यानं घडवलं त्याला हे जमणार नाही असं नाही. "आणि पंखे लावा," त्या म्हणाल्या. "पंखे लावून जे मीटर येईल ते मला हवंय. बक्षीस घराला आहे. म्हाताऱ्या माणसाच्या सोसण्याला नाही."

खाली उतरल्यावर त्यांनी चहा मागून घेतला आणि आबांच्या शेजारी बसून प्यायल्या. आबा रुसले होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही मला फसवत होता."

"फसवलं कुठं? तुम्ही फसला नाहीत."

"मी फसणार होते. पेन हातात होतं."

बारकी मात्र त्या दिवशी बहिणीशी बोलली नाही. बोलली ती निघायच्या दिवशी, पेटीला दोरी बांधताना. "एक बटण दाबलंस, ताई, आणि मला घराबाहेर काढलंस."

"हो," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खोटं नव्हतं.

"आबांचं मला सांगितलं असतंस तर मीच लावला असता पंखा."

"तू लावला असतास. म्हणून तर नाही सांगितलं. तेव्हा मला मजला हवा होता."

बारकीनं दोरी सोडली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. तरी ती गेली ती गेलीच. तिचं बाळंतपण परक्या गावात, कंपनीच्या खोलीत, परक्या बायकांच्या हातून झालं. मुलगी झाली. थोरली पोचली तेव्हा मुलगी दहा-बारा दिवसांची होती आणि तिला दुसऱ्याच कुणाच्या हातची सवय लागली होती. हे थोरलीला कायम लागून राहिलं.

इकडं थोरल्यानं छप्पर केलं. हलक्या विटांचा थर, त्यावर चुन्याचा मसाला, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. ते तुकडे त्यानं जिथं जिथं काम केलं तिथल्या कचऱ्यातून जमवले होते. आबा खुर्ची टाकून देखरेखीला. "तो तुकडा वाकडा बसलाय."

"आबा, तुम्ही बॉयलरवाले. तुम्हाला फरशीतलं काय कळतं?"

"वाकडं काय ते कळायला गवंडी व्हावं लागत नाही, बाप झालं की पुरतं."

थोरला निमूटपणे तुकडा काढून पुन्हा बसवायचा. आपल्या हिशेबीपणापायी बाप होरपळला, हे तो कधी बोलला नाही. पण त्या छपरावर त्यानं जितका जीव ओतला तितका कुठल्याच पैसेवाल्याच्या घरावर ओतला नसेल. काम झालं तेव्हा भर दुपारी त्यावर अनवाणी उभं राहता यायचं. थोरला आल्यागेल्याला वर नेऊन चपला काढायला लावायचा. शेजारणीनं तर बघून बघून आपल्या छपरालाही तुकडे लावून घेतले. मिठाचं निमित्त संपलं, म्हणून ती नंतर साखर मागायला यायची.

पाऱ्याच्या बाईंनी त्या वर्षात आणखी एक काम केलं. नगरपालिकेत जाऊन नियम बदलायला लावला. सोपं नव्हतं ते. वरचे साहेब म्हणाले, मीटर मोजता येतं, माणसाचं उकडणं कसं मोजणार? बाईंनी त्यांना पाऱ्याचं तापमापक दिलं आणि त्यांच्याच कचेरीच्या वरच्या मजल्यावर, फायलींच्या खोलीत, बसवलं. किती वेळ बसले कोण जाणे. पण नव्या नियमात आलं की मीटरबरोबर सगळ्यात तापणाऱ्या खोलीतला पाराही बघायचा, आणि तिथं राहणाऱ्याला एकट्याला विचारायचं. पुढं त्या शहरात घरं बदलली ती या नियमानंतर. लोक आधी छपरं करायला लागले. ज्या खोल्यांत म्हाताऱ्यांना आणि भाडेकरूंना ढकलत, त्या खोल्या आधी सुधारायला लागले, कारण तपासणी तिथंच होणार. सरकारी खाऊ योग्य जागी ठेवला तर माणसं किती शहाणी होतात, ते त्या शहरानं पाहिलं. नुसत्या उपदेशानं हे झालं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात मीटर आकड्याच्या आत राहिलं. फार आत नाही, पण राहिलं, आणि पंखा दिवसभर फिरून राहिलं. बाई आल्या, बसल्या. आबांना एकट्याला विचारायचं म्हणून सगळ्यांना खाली पाठवलं. दोघांचं बोलणं इतका वेळ चाललं की थोरलीला वाटलं, काहीतरी बिनसलं. वर जाऊन बघितलं तर बाई खुर्चीत मान टाकून गाढ झोपल्या होत्या आणि आबा बोटानं खूण करत होते, आवाज करू नको.

सही झाली. मजला चढला. छपरावरचा थर थोरल्यानं अलगद काढून वरच्या नव्या छपराला लावला, आणि खिडक्या बसायच्या आधी छप्पर पुरं केलं. धाकटा आणि बारकी परतायला आणखी वर्ष गेलं, कंपनीशी करार होता. आली तेव्हा मुलगी चालत होती. पोरगी वरच्या मजल्यावरून उतरायची ती थेट आबांच्या खोलीत, आणि आबा तिला चुलतीकडं पाठवायचे, "जा, त्या आईकडं जा, तिचा पहिला हक्क आहे." थोरलीला ते ऐकू यायचं. घात केलास म्हणणारा माणूस माफी अशीच मागतो.

आबा त्यानंतर चार उन्हाळे जगले. नात शाळेत जायला लागली त्या वर्षीच्या हिवाळ्यात, एका सकाळी, खिडकीतून तिरपं ऊन अंगावर आलेलं असताना, आबा गेले.